वरची मूठ

तुम्हाला सांगते आहे ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तो नेहमी म्हणतो, आणि मी हसते. एक तीळ गेली काही वर्षं माझ्या तोंडात भिजत पडला आहे, हे त्याला कुठे ठाऊक?

आज शुक्रवार. तो खाली अल खोरच्या बंदरावर मासळी आणायला गेलाय, मुलगी झोपली आहे. घरात शांतता आहे, आणि शांतता असली की मला हमखास वहिनीची आठवण येते. तशी ती रोजच येते म्हणा. पण शुक्रवारी तिला टाळायला ऑफिस नसतं.

कुठून सुरू करू? आडनावापासून करते. ते सोपं आहे.

मी पाटील, माहेरचंच आडनाव लावते. कतारमध्ये आल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्याच हळदीकुंकवाला एका पुण्याच्या बाईंनी विचारलं, पाटील म्हणजे गावाकडे शेती असेल ना? मी म्हटलं, हो, थोडीफार आहे. आमची शेती! अलिबागच्या खाली, समुद्राला अगदी चिकटून आमचा कोळीवाडा आहे. कोळीवाड्यालाही पाटील असतो, आमच्या घराकडे तो मान आजोबांच्याही आधीपासून. पण जमिनीचा तुकडा म्हणाल तर बोंबील वाळवायच्या वाळूइतकाच. हे त्या बाईंना सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. त्या काही खायला उठल्या नसत्या. पण आदल्याच वाक्यात त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी सुकटीच्या वासाबद्दल नाक मुरडलं होतं, आणि सगळ्याजणी हसल्या होत्या. मीही हसले होते. हसल्यावर मग लगेच कसं सांगणार?

एवढंच असतं, तर ही कबुली द्यायची गरज नव्हती. एवढं तर कितीतरी जण करत असतील. पुढे ऐका.

माझ्या भावाची बायको म्हणजे वनितावहिनी. वयानं माझ्याहून दोनेक वर्षांनीच मोठी. लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि घरात माझं कामाच्या नावानं शून्य. आईनं मासळीची पाटी माझ्या डोक्यावर द्यायची म्हणून किती प्रयत्न केले, मी पुस्तकामागे लपले. वहिनी आली आणि तिनं ती पाटी न सांगता उचलली. वर मलाच चिडवायची, तू शीक गो, बाजारात तुझी तोंडाळ जीभ चालली असती, पण गिऱ्हाइक पळाला असता! आमचं नातं असं होतं. नणंद-भावजयीचं भांडण व्हावं म्हणून शेजारणी वाट बघून थकल्या.

वहिनीच्या हाताला वाळवणाची कला आहे. ओला बोंबील सगळेच बांबूवर टांगतात, पण कधी उलटायचा, वारा फिरला तर कधी काढायचा, हे तिला जसं कळतं तसं आमच्या वाड्यात कुणाला कळत नाही. तिचे बोंबील एकमेकांवर आपटले तर खडखड वाजतात. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, तर असे की डब्याचं झाकण उघडलं तरी घरभर नुसता गोडसर वास. तिनं वाड्यातल्या बायका जमवून बचत गट काढला. व्यापारी येतो, वाळूवर उभा राहून भाव पाडतो आणि आपल्याच मालावर शहरात मोठा होतो, हे तिला खुपत होतं. माल थेट आखाती देशात पाठवायचा असं तिनं मनात घेतलं. आखात म्हणजे तिच्या लेखी मी.

मी तेव्हा दोह्यात, मुशैरिबमध्ये मासळी आयात करणाऱ्या एका कंपनीत मालाची गुणवत्ता बघायला लागले होते. अजूनही तिथेच आहे. कंपनी एका कतारी कुटुंबाची. मालकांना सगळे बू सालेम म्हणतात, मी बाबा म्हणते. ते मूळचे अल खोरचेच. वाडवडील मासेमारी करायचे, आणि बाबांना त्याचा इतका अभिमान की काचेच्या त्या चकचकीत ऑफिसात, त्यांच्या टेबलाशेजारी, एक जुना गरगूर ठेवलेला आहे. गरगूर म्हणजे मासे पकडायचा तारेचा मोठा पिंजरा, पालथ्या टोपलीसारखा दिसणारा. त्यांच्या वडिलांनी स्वतः विणलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवतात. बँकेचे साहेब आले तरी आधी गरगूर, मग व्यवहार.

मी त्या पिंजऱ्यासमोर रोज बसत होते. तुमच्या लक्षात येतंय का, मी काय म्हणते आहे? मच्छीमाराच्या मुलासमोर बसून मी माझं मच्छीमाराचं घर लपवत होते.

गटाचं नाव मीच पुढे केलं, पण महाराष्ट्रातला एक महिलांचा गट आहे, एवढंच सांगून. नातं सांगितलं नाही. नात्यातल्यांना काम दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून — असं मी स्वतःला बजावलं. ते खोटं होतं. मला नात्याची नाही, वाड्याची लाज वाटत होती.

नमुन्याची पहिली ऑर्डर ठरली. वहिनीनं काय काय केलं नसेल! लेबलं छापली, पाकिटं बंद करायचं यंत्र आणलं, इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, पाकिटावर जेवढं लिहिलं तेवढंच आत. ती म्हणायची, व्हय गो मास्तरीण, समजला.

आता वरच्या मुठीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही.

आमच्या बायका मासळी वाट्यानं विकतात. वाटा लावतात, गिऱ्हाइक घासाघीस करतं, सौदा ठरतो, आणि वाटा पिशवीत गेल्यावर कोळीण वरून आणखी मूठभर टाकते. तेही घासाघीस संपल्यावर. ते भावात धरलेलं नसतं, मागायचंही नसतं. आणि दिवसाची पहिली विक्री असेल, म्हणजे भवानीचं गिऱ्हाइक असेल, तर ती मूठ चुकवायचीच नाही, दिवस फळत नाही म्हणतात. माझी आजी डोळ्यांनी अधू झाली होती, तरी तिचा हात आपोआप पाटीत जाऊन पिशवीवर यायचा.

तर माल आला आणि विमानतळावरच्या गोदामात अडकला. कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळेना. कमी नव्हतं, जास्त होतं. नमुन्याची पाकिटं ऑफिसात आली. आमच्या गोदाम मॅनेजरनं एकेक काट्यावर ठेवलं. प्रत्येक पाकीट लेबलापेक्षा जड, आणि प्रत्येकाचा फरक वेगळा. तो वैतागला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. एकतर या बायकांना वजन करता येत नाही, नाहीतर यात काहीतरी लपवाछपवी आहे.

मला बघताक्षणीच कळलं. पाकिटं तोंडाशी फुगली होती. आधी मोजून भरलं होतं, बरोब्बर भरलं होतं, आणि बंद करायच्या आधी प्रत्येकीनं वरून मूठ टाकली होती. परदेशातलं पहिलं गिऱ्हाइक. भवानी. वेगवेगळ्या बायकांच्या मुठी, म्हणून वेगवेगळा फरक. एक पाकीट तर इतकं गच्च होतं की मला ते कुणी भरलं असेल तेही ओळखता आलं. वहिनीचा हात मोठा आहे.

मी एक पाकीट उघडलं. सोडे हातात घेतले. कोरडे, खडखडीत, आमच्या ओटीवरच्यासारखे. तोंडात टाकावेसे वाटले.

बाबांनी मान वर केली आणि त्यांच्या त्या जुन्या, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेल्या हिंदीत मला विचारलं, "ये तुम्हारे मुल्क की औरतें हैं. तुम जानती हो इनको?"

साधा प्रश्न होता. रागानं विचारलेला नव्हता. मी एक वाक्य बोलले असते — बाबा, ही माझी माणसं आहेत, ही त्यांची रीत आहे — तर काय झालं असतं? मॅनेजर तिथे उभा होता. दाराशी हिशोब विभागातली एक पुण्याची मुलगी फाईल घेऊन आली होती, मंडळात येणारी. मला तेवढंच दिसलं. आता ती सगळं ऐकणार, आणि पुढच्या हळदीकुंकवाला —

"नहीं बाबा," मी म्हटलं. "मैं नहीं जानती. ये लोग ऐसे ही होते हैं."

नुसतं नाही म्हणून थांबता आलं असतं. ते दुसरं वाक्य कुणी विचारलं होतं? ये लोग. माझ्या तोंडून किती सहज आलं. पुण्याच्या बाईंचा आवाज जणू माझ्या घशात येऊन बसला होता. बाबांनी एकदा गरगूरकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे, आणि म्हणाले, खलास. परत पाठवा.

तुम्हाला वाटेल हीच ती कबुली. मलाही बरेच दिवस वाटायचं की हीच. पण ही अर्धीच आहे. वाईट अर्धं संध्याकाळचं आहे.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. गाडीतच होते, अल खोरच्या लांबलचक रस्त्यावर. माल परत येतोय हे तिला कळलं होतं, कारण कळलं नव्हतं. तिनं विचारलं, "कमी भरला का काय गो?"

पाहिलंत? जास्त भरणं ही चूक असू शकते हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी खरं सांगितलं असतं, की वजन जास्त झालं म्हणून, तर ती म्हणाली असती, मग तू सांगितलं नाहीस होय त्यांना, की वरचा हाय? तू होतीस ना तिथं? मी होते. म्हणूनच खरं सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, "माल ओला निघाला, वहिनी. वास आला."

ती म्हणाली, "आमच्यापायी तुझी मान खाली गेली गो बाय. सायबाला सांग, चुकी आमची."

मी काय केलं असेल? मी म्हटलं, जाऊ दे गं, होतं असं कधी कधी. तिची माफी मी घेतली. मोठेपणानं, समजूत काढल्यासारखी घेतली. घरी आल्यावर नवऱ्यानं तोंड बघून विचारलं, तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, तू तरी काय करणार, नियम म्हणजे नियम. त्यानं चहा करून दिला. तोही मी प्यायले.

परत गेलेल्या मालाचं काय झालं म्हणाल तर तो व्यापाऱ्यानं पडत्या भावात उचलला. पण व्यापाऱ्याला पोचण्याआधी वहिनीनं पाकिटं उघडून बघितली असणार ना? तिच्या हाताला कळलं नसेल का की माल कोरडा आहे? हा प्रश्न मला फार छळायचा. पुढे भावाकडून कळलं. तिनं उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली, आणि म्हणाली, मना तं काय वास येत नाय. म्हणजे माझाच नाक गेला. शिकलेल्या नणंदेनं सांगितलं म्हणजे ते खरंच असणार. माझ्या शब्दावर तिचा स्वतःच्या नाकापेक्षा जास्त विश्वास होता. माझ्याबद्दल इतकं चांगलं आणि इतकं भयंकर दुसरं कुणी काही म्हटलेलं नाही.

गट मोडला. कुणाच्या बोंबलाला वास होता यावरून बायकांत धुसफूस झाली, एकमेकींची तोंडं बघेनाशा झाल्या. वहिनीनं बांबू धुवून काढले, मग सोडवून ठेवले. आता ती मासळी ओलीच व्यापाऱ्याला देते. तो भाव सांगतो, ती हो म्हणते.

यातून मी सुटले असते कदाचित. माणूस काहीही विसरू शकतो. नियमच तसा होता, मी सांगितलं असतं तरी काय झालं असतं, असं मी मनाशी घोळवत बऱ्यापैकी जगत होते. पण मग एका शुक्रवारी नवऱ्याबरोबर मीही बंदरावर गेले. तिथे बाबा भेटले. डोक्यावर साधा रुमाल, पायात चपला, ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी गप्पा मारत उभे. दोघं लहानपणचे दोस्त. आम्ही एक हामूर मासा घेतला. म्हाताऱ्यानं काट्यावर तोलला, पिशवीत घातला, आणि पिशवी माझ्या हातात देता देता ओट्यावरून एक शेरी मासा उचलून वर टाकला.

नवरा म्हणाला, अरे, हे तर आपल्यासारखंच! आणि तो बाबांना कौतुकानं सांगायला लागला, की आमच्या गावीही असंच वरून देतात, आमच्या कोळणी — तो कधीच काही लपवत नाही. बाबा खुशीत आले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "समंदर ने इसको तौल के दिया था क्या? तो ये कैसे तौल के देगा? ये बरकत है."

आणि मग ते बोलता बोलता थांबले. माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती पाकिटं आठवली का? मला माहीत नाही. कदाचित उन्हामुळे डोळे बारीक केले असतील. नवरा तेवढा आनंदात होता. घरी येताना गाडीत म्हणाला, काय राजा माणूस आहे.

एका वाक्याचं काम होतं. नवे कागद, नवी लेबलं, फार तर मॅनेजरची कुरकुर. त्या बायकांची मूठ समजू शकेल असा एकच माणूस त्या उंच इमारतीत होता, आणि प्रश्न त्यानंच विचारला होता.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. ठरवून गेले होते की वहिनीला सांगायचं. सकाळी ओटीवर ती कोळंबी सोलत होती, मी शेजारी बसले, तोंड उघडलं — आणि मुलीच्या शाळेबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी हवामानाबद्दल. असे सगळे दिवस गेले.

निघताना वहिनीनं तोच इलेक्ट्रॉनिक काटा माळ्यावरून काढला. आता तो आमच्या बॅगा तोलण्यापुरताच खाली येतो. थोडं थोडं करून सगळं सामान तिनं तोललं, विमानात चालतं तेवढं बरोब्बर बसवलं. तिला आता वजन पक्कं कळतं. बॅगेची चेन लावली. मग जरा थांबली, आत गेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आली, चेन पुन्हा उघडली आणि ते वरून टाकलं. सोडे. घरापुरते अजून वाळवते म्हणे.

वर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हुंगून बघ गो. ओला वाटला तं टाकून दे."

विमानतळावर बॅग जड भरली. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी काढायला सांगितलं. मी पुडकं काढून पर्समध्ये ठेवलं. रांगेत उभी असताना माझी मुलगी नाक धरून मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, इट स्टिंक्स." मी तिला काय म्हटलं असेल? हळू बोल, म्हटलं. आणि मागे वळून बघितलं, कुणी मराठी माणूस ऐकतंय का ते.

पुडकं फ्रीजरमध्ये आहे. मटाराच्या पिशवीमागे. काल मी ते काढून उघडलं. हुंगलं. तोच गोडसर वास. 

खाली गाडीचा आवाज आलाय, नवरा आला वाटतं. मासे साफ करायचे आहेत. तुमच्याकडून मला काही ऐकायचं नाही. वहिनीकडे माफी मागेन असंही मी तुम्हाला सांगत नाही, कारण मी स्वतःला ओळखते. फक्त जे त्या दिवशी ऑफिसात बोलायचं होतं, ते एकदा कुठेतरी बोलून ठेवते आहे. ती माझी भावजय आहे. ती माझी माणसं आहेत. माल कोरडा होता.